शिंदळ माकुडी : रुईची कड्यावरील आप्त

दक्षिण आफ्रिकेच्या शुष्क प्रदेशात स्टॅपेलिया नावाच्या मांसल वनस्पती आढळतात. पर्णहीन, कोनयुक्त खोडे आणि सडक्या मांसासारखा दुर्गंध येणारी तारकाकृती फुले ही त्यांची ओळख होय. याच गटातील एक वनस्पती फक्त आपल्या सह्याद्रीत उगवते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा डोंगरांच्या उभ्या कड्यांवर वाढणारी ही शिंदळ माकुडी.

तिचे शास्त्रीय वर्णन डॅल्झेल यांनी १८६४-६५ च्या सुमारास जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून केले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ त्यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. (हेच फ्रिअर १८७७ मध्ये उच्चायुक्त म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले, हा एक योगायोग.) या गटातील इतर वनस्पतींची पाने खवल्यांएवढी असतात किंवा नसतातच, हिला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, मांसल पाने येतात व उन्हाळ्यापूर्वी ती गळून पडतात. स्वतंत्र प्रजाती मानण्यास एवढे कारण पुरेसे वाटले असावे. फुलाची साक्ष मात्र वेगळी आहे. पाच पाकळ्यांचे, गर्द किरमिजी रंगाचे व पिवळ्या ठिपक्यांचे ते फूल थेट आप्तांकडे बोट दाखविते. म्हणून १९५८ मध्ये रौली यांनी तिला माकडशिंगीच्या कॅरॅलुमा प्रजातीत घातले. पुढे जनुकीय अभ्यासानंतर ती ‘बौसेरोसिया फ्रेरी’ झाली, आणि २०१७ मध्ये काही संशोधकांनी हा सगळाच गट सेरोपेजिया, म्हणजे खरचुडीच्या प्रजातीत, विलीन करण्याचे सुचविले.

पानांचे वैशिष्ट्य तरीही दुर्लक्षिण्याजोगे नाही. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, हिची पाने सामान्य झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, तर खोड निवडुंगाप्रमाणे रात्री घेते. पाणी असेल तेव्हा वाढ आणि नसेल तेव्हा बचत, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

वाशीमच्या पठारी भागात शिंदळ माकुडी मिळावयाची नाही. परंतु तिच्या कुलाचा धडा शिकविण्यास धुऱ्यावरची रुई पुरेशी आहे. पूर्वी रुईचे कुल स्वतंत्र मानीत. आता ते करवीर कुलात समाविष्ट आहे. शिक्षकांनी रुईच्या फुलातील मधल्या पंचकोनी भागाच्या खाचेत सुई फिरवावी. परागकणांची पूड न मिळता पिवळ्या परागपुंजांची जोडी बाहेर येते. माकुडीतही हीच रचना असते. रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही, याची दक्षता मात्र अवश्य घ्यावी.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायत क्षेत्रात लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. तीत केवळ शास्त्रीय नाव लिहिल्यास, वरील उदाहरणावरून दिसेल त्याप्रमाणे, काही वर्षांनी वनस्पती ओळखणे अवघड होते. स्थानिक नाव, ठिकाण, पान, फूल, फळ आणि फुलण्याचा महिना यांची नोंद सोबत असावी.

माकुडीचे छाट सहज मुळे धरतात, त्यामुळे उद्यानांतून ती वाढविता येते. कड्यावरील मूळ झाडांना मात्र वणवे, चराई आणि संग्राहकांचे हात यांचा उपद्रव होतो.