संगत आणि प्रकृती

एकादशीला भजनास बसावे, घरी नामस्मरण करावे, चार माणसांत फारसे मिसळू नये, म्हणजे परमार्थ साधला, असे समजणारे पुष्कळ भाविक आमच्या पाहण्यात आहेत. एकांताला आमची ना नाही. पण एकांत निराळा आणि एकटेपण निराळे. एकांत आपण होऊन पत्करावा लागतो. एकटेपण अंगावर येऊन पडते, आणि ते देहाला बाधते. हे आम्ही पदरचे सांगत नाही.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी 1938 साली एक अभ्यास आरंभिला, तो अद्याप चालू आहे. त्यात 724 पुरुष होते. काही विद्यापीठातले विद्यार्थी, तर काही बोस्टन शहरातल्या गरीब वस्तीतली पोरे. वर्षानुवर्षे त्यांची प्रकृती तपासली, रक्त पाहिले, घरची हालहवाल विचारली. पुढे त्यांच्या बायकामुलांनाही विचारले. आता निघाले काय म्हणाल? पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी समाधानाचे संबंध होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून म्हातारपणाचा जो अंदाज येईना, तो या समाधानावरून आला. त्यांच्या घरी भांडणे होत नव्हती असे नाही हो! म्हातारा-म्हातारी रोज कुरकुरत असली, तरी अडीनडीला हे माणूस आपल्यामागे उभे राहील, एवढा भरवसा असला म्हणजे पुरे होत असे.

हा भरवसा बाजारात मिळत नाही. तो अंगी आणावा लागतो. त्याची शाळा आपल्या दिंडीत आहे. माउलींच्या पालखीबरोबर जो चालला, त्याने समाज आरती पाहिलीच असेल. संध्याकाळी दिंड्या तळावर येऊन उभ्या राहतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदारांनी चोप उंच केला की हजारो टाळ जागच्या जागी थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ थांबत नाहीत. मग चोपदार त्या दिंडीत जातात, म्हणणे ऐकून घेतात. काय हरवले, काय सापडले, तेही तिथेच पुकारतात. नंतर आरती होते.

या रीतीत केवढे शहाणपण आहे पाहा. रुसवा असेल तर तो पाठीमागे कुजबुजायचा नाही, सर्वांदेखत मांडायचा. ज्याने ऐकायचे त्याने चालत त्याच्यापाशी जायचे. आणि गाऱ्हाणे मनात घेऊन कोणी झोपायचे नाही. घराघरांत एवढे जमले तर भावाभावांचे निम्मे दावे कोर्टाची पायरी चढणार नाहीत. आम्हाला तर वाटते, सुनेचे टाळ वाजत असतात आणि घरात चोपदार कोणी नसतो, इथेच दुखणे आहे.

लेकराला टाळ हाती दिला की ते दुसऱ्याच्या ठेक्यासाठी थांबायला शिकते. सत्तरीचा म्हातारा विशीच्या पोराच्या पाया पडतो, पोरही त्याच्या पडते, दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. ओळख नसताना बोलायला सुरुवात कशी करावी, हा तरुणांना पडणारा मोठा प्रश्न. तो इथे एका शब्दात सुटतो. आणि तरुणांना त्याची गरज नाही असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या सहा माणसांमागे एकाला एकटेपण ग्रासते, असे म्हटले आहे. 13 ते 29 वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण शेकडा 17 ते 21 आहे. एकटेपण म्हणजे म्हातारपणाचेच दुखणे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

तरी म्हातारपणी ते जास्त टोचते खरे. आषाढीपर्यंत दिंडीबरोबर फुगडी घालीत चाललेली आजी गावी परतली की ओटीवर भिंतीला टेकून बसते. मुलगा पुण्या-मुंबईस. त्याचे पैसे मोबाइलवर येतात, तो येत नाही. पण सगळा दोष त्याच्याच माथी मारणे आम्हाला पटत नाही. फोन आला की “तुला कुठली आठवण!” एवढ्यानेच आपण सुरुवात केली, तर तो पुढल्या वेळी फोन करताना दहादा विचार करील. नातवाला शाळेत काय झाले ते आधी विचारावे, गुडघ्याचे मग सांगावे. केस पिकले म्हणून बोलण्याची रीत शिकायची संपत नाही.

दिंडीच्या विणेकरी मंडळींना आमची एक विनंती आहे. ज्यांची वारी पायांमुळे सुटली, अशांची नावे आपल्याला पाठ असतात. एकादशीचे भजन महिन्यातून एकदा देवळाऐवजी त्यांच्यातल्या एकाच्या ओटीवर न्यावे. चहापाण्याचा खटाटोप त्या घरावर पडू देऊ नये. कपबशा आपल्या आपण न्याव्या. टाळांचे दोन जोड मात्र जास्त घ्यावेत, कारण घरातली नातवंडे हात पुढे करतातच.