एकट्या प्रवाशाची चूल : स्पिरिटचा स्टोव्ह

तापी नदी जेथे सागराला मिळते, तेथे हजीरा वसले आहे. मुंबईच्या समुद्रातील दक्षिण बसीन क्षेत्रातून निघणारा नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळातून येथे किनाऱ्याला लागतो. त्यातील गंधकाचा विषारी अंश येथे काढून टाकतात, घरगुती सिलिंडरचा वायू वेगळा करतात, आणि शुद्ध झालेला नैसर्गिक वायू हजीरा–विजयपूर–जगदीशपूर या नळमार्गाने उत्तरेकडे जातो. अशा या इंधनाच्या माहेरी राहणाऱ्या माणसाने पाठीवर पिशवी टाकून एकट्याने डोंगर चढावयाचे ठरविले, तर मात्र त्याच्यापुढे एक लहानसा पण खरा प्रश्न उभा राहतो : अर्धा लिटर पाणी उकळण्यापुरती चूल बरोबर न्यावी ती कोणती? या प्रश्नाच्या निमित्ताने पदार्थविज्ञान, रसायन आणि कायदा या तिन्हींचा थोडा अभ्यास होतो, म्हणून तो येथे घेतला आहे.

पंपाचा स्टोव्ह आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास तो बाजारात आणला. तो पेटविण्यापूर्वी वाटीत थोडे स्पिरिट जाळून नळी तापवावी लागे, कारण रॉकेलची वाफ सहजासहजी होत नाही. तेथे स्पिरिट हे केवळ मदतनीस होते. स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये तेच मुख्य इंधन असते. पंप नाही, तोटी नाही, बिघडण्यासारखा एकही भाग नाही. स्वीडनमधील ट्रांगिया कंपनीने १९५१ साली अशा स्टोव्हचा प्रवासी संच काढला आणि तो आजही वापरात आहे.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. मद्यार्क म्हणजे एथिल अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते. स्टोव्हची भिंत दुहेरी असते आणि तिच्या पोकळीत तळाकडून स्पिरिट झिरपते. प्रथम मधल्या उघड्या भागातील स्पिरिट पेटवितात. त्या ज्योतीने भिंत तापते, पोकळीतील स्पिरिट उकळू लागते आणि त्याची वाफ वरच्या कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून पेटते. सुमारे मिनिटाभरात कडेभोवती निळ्या ज्योतींचे वर्तुळ उमटते. स्टोव्हची उष्णताच स्टोव्हला चालविते.

असा स्टोव्ह सरबताच्या दोन ॲल्युमिनियम डब्यांपासून घडविता येतो. दोन्ही डब्यांचे तळ सुमारे तीन सेंटिमीटर उंचीवर कापावेत. उरलेल्या पत्र्याची एक पट्टी वर्तुळाकार वळवून तिच्या खालच्या कडेस तीन-चार खाचा कराव्यात. स्पिरिट पोकळीत शिरण्याची ती वाट होय. एका तळाचा मधला खोलगट भाग कापून काढावा व त्याच्या खांद्यावर टाचणीने समान अंतरावर सोळा ते चोवीस छिद्रे पाडावीत. मग पट्टी मध्ये उभी ठेवून हा तळ दुसऱ्या तळात घट्ट बसवावा. भांड्यासाठी जाड तारेची तिवई करावी. भांडे ज्योतीच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर उंच असावे. कापलेला पत्रा वस्तऱ्यासारखा धारदार असतो. म्हणून हातमोजे घालावेत, कडा घासून घ्याव्यात आणि हे काम थोरांच्या देखरेखीखालीच करावे.

आता थोडे गणित करू. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ३७,५०० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम मद्यार्क जळाल्यास सुमारे ६,४०० कॅलरी मिळतात. म्हणजे सहा ग्रॅमही पुरावेत. परंतु निम्मी उष्णता हवेत जाते असे धरले, तर बारा ग्रॅम, अर्थात पंधरा मिलिलिटर स्पिरिट लागेल. दिवसातून दोनदा पाणी उकळणे आणि एकदा खिचडी शिजविणे यांस पन्नास मिलिलिटर, म्हणजे चाळीस ग्रॅम धरावे. तीन दिवसांचे इंधन १२० ग्रॅम. स्टोव्ह, तिवई, आडोसा व बाटली मिळून ८० ग्रॅम. एकूण भार २०० ग्रॅम. वायूचा लहान डबा व त्यावरचा स्टोव्ह मिळून सुमारे ३०० ग्रॅम होतात. तेव्हा दोन-तीन दिवसांच्या फेरीत स्पिरिट हलके पडते. परंतु सिलिंडरचा वायू ग्रॅमामागे सुमारे ११,००० कॅलरी देतो. त्यामुळे आठवडाभराच्या प्रवासात स्पिरिटचा भार ३६० ग्रॅमांवर जातो आणि तेथे वायू सरस ठरतो. यावरून ध्यानात येईल की, चुलीची निवड खरोखर इंधनाची निवड असते.

सुरतेकडच्या गिर्यारोहकाला बागलाणातील साल्हेर किल्ला जवळचा. १६७२ साली मराठे व मोगल यांची प्रसिद्ध लढाई झाली ती याच्या पायथ्याशी, आणि जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्याची उंची १५६७ मीटर. तेथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, म्हणून डाळ-तांदूळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे वारा. आडोशावाचून स्पिरिटची दुबळी ज्योत आडवी होते आणि इंधन दुप्पट लागते. जाड ॲल्युमिनियम पत्र्याचा आडोसा भांड्यापासून बोटभर अंतरावर ठेवावा आणि खालून हवेला वाट ठेवावी. मात्र राखीव जंगलात विस्तव पेटविणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरते, आणि डांगचे रान उन्हाळ्यात कोरडेठाक असते. परवानगी असेल तेथेच, उघड्या कातळावर स्टोव्ह लावावा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘स्पिरिट’ या एकाच नावाखाली दोन भिन्न द्रव्ये विकली जातात. एथिल अल्कोहोल उसाच्या मळीपासून होते. पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून त्यात विषारी वा दुर्गंधी द्रव्ये मिसळतात, तेच डिनेचर्ड स्पिरिट. दुसरे मेथिल अल्कोहोल, कारखान्यांत वापरले जाणारे. दिसण्यात ते पाण्यासारखेच असते. परंतु दहा मिलिलिटर पोटात गेल्याने दृष्टी जाऊ शकते व तीस मिलिलिटरने मृत्यू ओढवू शकतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. २०२२ साली बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक. दोन्ही वेळी प्राण घेतले ते मेथिल अल्कोहोलने. म्हणून स्पिरिट पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. वेगळ्या आकाराची बाटली घ्यावी व तीवर ‘विष’ असे ठळक लिहावे.

दुसरा धोका ज्योतीचा. भर उन्हात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. स्टोव्ह विझला असे समजून कोणी त्यात पुन्हा स्पिरिट ओतले, तर ज्योत धारेवरून थेट बाटलीत शिरते. स्टोव्ह झाकणाने विझवावा, हाताला गार लागेपर्यंत थांबावे, आणि मगच भरावा. तंबूत तो मुळीच पेटवू नये. तेथे आगीइतकेच कार्बन मोनॉक्साइडचेही भय असते.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरातेत लागू आहे आणि डिनेचर्ड स्पिरिटही त्याच्या निर्बंधांत येते. रीतसर चौकशी केल्यावाचून ते विकत घेऊ वा बाळगू नये. रेल्वेत तर स्पिरिट व वायूचा डबा दोन्ही नेण्यास मनाई आहे. इंधन कायदेशीर मार्गाने मिळत नसेल, तर दशम्या, सातूचे पीठ आणि गूळ-शेंगदाणे घेऊन निघावे. त्यांना चूल लागत नाही.

या विषयावर महाराष्ट्रातही संशोधन झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्मे पाणी व निम्मा मद्यार्क अशा मिश्रणावर चालणारा स्टोव्ह तयार केला. पाण्याच्या अंशाने आगीचे भय घटते, आणि मद्यार्क पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करण्याचा खर्चही वाचतो. त्याच संस्थेने मद्यार्कासाठी गोड ज्वारीचा वाणही विकसित केला. ज्या विचाराने प्रवासी आपली पिशवी हलकी करतो, तोच विचार खेड्यातील स्वयंपाकघर धुरापासून मुक्त करू शकतो.

विद्यार्थ्यांनी शालेय वयात एकट्याने डोंगरी जाऊ नये, हे सांगणे नलगे. परंतु विज्ञानशिक्षकांच्या समक्ष प्रयोगशाळेत एक प्रयोग अवश्य करावा. प्रयोगशाळेतील स्पिरिटच्या दिव्याचे वजन आधी व नंतर घ्यावे, अर्धा लिटर पाण्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवावे; एकदा आडोशासह व एकदा आडोशाविना. दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे वारा किती इंधन खातो ते आपले आपणांसच कळेल. ज्याने आपल्या इंधनाचा स्वभाव असा मोजून ओळखला, तो पुढे एकटा निघाला तरी घरच्यांना त्याची काळजी थोडी कमी वाटेल.