३.४ कटाची भाषा आणि मताधिकार : विल्मिंग्टन, १८९८

एखाद्या शब्दाचा अर्थ आणि त्यात दडलेले गृहीतक यांत भेद असतो. या भेदाचे राजकीय परिणाम किती गंभीर असू शकतात, हे प्रस्तुत उपघटकात अमेरिकेतील एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

१८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. पुढे नॉर्थ कॅरोलिना राज्यात कृष्णवर्णीय मतदार आणि असंतुष्ट गोरे शेतकरी यांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार आले. १८९८ च्या निवडणुकीत प्रतिपक्ष असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाने आणि त्याच्या वृत्तपत्रांनी 'निग्रो वर्चस्व' ही घोषणा गाजवली. (यातील पहिला शब्द आज अवमानकारक मानला जातो, येथे तो केवळ ऐतिहासिक संदर्भात घेतला आहे.) कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांवर सत्ता गाजवू पाहत आहेत, असा तिचा आशय होता. वस्तुस्थिती अशी की, विल्मिंग्टन या कृष्णवर्णीयबहुल शहरातही दहा नगरसेवकांपैकी तीनच कृष्णवर्णीय होते.

'वर्चस्व' या शब्दाने येथे कोणते कार्य केले? त्याने सहभागालाच आक्रमण ठरवले. एखाद्याचे मत हेच आक्रमण मानले की, त्याला मतदानापासून रोखणे हे स्वसंरक्षण भासू लागते. १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या दैनिकाचे कार्यालय जाळले, अनेकांची हत्या केली आणि नगरपालिकेला राजीनामा देण्यास भाग पाडले. कट होता, पण तो आरोप करणाऱ्यांचा. या घटनेला मात्र दीर्घकाळ 'वांशिक दंगल' म्हटले गेले. 'दंगल' हा शब्द दोन्ही बाजूंना सारखेच दोषी ठरवतो. 'सत्तापालट' हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो.

१९०० मध्ये राज्याने मतदारांसाठी साक्षरतेची परीक्षा आणि कर लागू केला. १ जानेवारी १८६७ रोजी वा त्यापूर्वी मताधिकार असलेल्यांच्या वंशजांना काही वर्षे परीक्षेतून सूट मिळाली. त्या काळी तेथील बहुतेक सर्व कृष्णवर्णीय मताधिकारापासून वंचित होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. वंशाचे काम तारखेने केले. अशा परीक्षांवर निर्णायक आघात झाला तो १९६५ च्या मताधिकार कायद्याने.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'सहभाग' आणि 'वर्चस्व' या शब्दांतील गृहीतकांचा भेद स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखादी निवडणूक-घोषणा निवडा. तिच्यात कोणाला 'आपण' व कोणाला 'ते' मानले आहे, आणि त्यासाठी कोणता पुरावा दिला आहे, ते लिहा.