दोन उलांड्यांची होडी : हिशेब आणि हौस

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिंडलेल्या माणसाला उलांडी ठाऊक असते. अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडव्या वाशांच्या टोकांशी, होडीला समांतर असा एक हलका ओंडका बांधलेला असतो, तीच उलांडी. होडी त्या बाजूला कलू लागली की ओंडक्याचे तरंगणे तिला सावरते, उलट बाजूला कलली की त्याचे वजन तिला खाली ओढते. हीच उलांडी दोन्ही बाजूंना लावली, ओंडक्याऐवजी तिला पोकळ, बंद अंग दिले आणि मधल्या होडीवर शीड चढविले, की जे नौकारूप तयार होते त्याला ट्रायमरान म्हणतात. नाव परके वाटले तरी त्याचे शेपूट आपल्याकडचेच आहे. तमिळमधील कट्टुमरम् म्हणजे बांधलेली लाकडे. त्यावरून कॅटमरान, आणि त्यातील उत्तरार्ध उचलून ट्रायमरान. 'मर' म्हणजे झाड हे आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाचा विषय अशी लहान, सुमारे अठरा फुटांची ट्रायमरान आहे : घरच्या अंगणात बांधता येईल आणि मोटारीमागे ट्रेलरवर घालून नेता येईल अशी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यात का पडावे? कारण परिव्ययाच्या पुस्तकात जे शिकवितात त्याचे इतके चांगले उदाहरण क्वचित सापडते. जो खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो तो येथे सर्वांत लहान आहे.

आधी हौसेची बाजू पाहू. मोपा हे पठारावरचे गाव. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडतात. होड्यांचे गाव म्हणून त्याचे नाव कोणी घेणार नाही. पण पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि दक्षिणेला शापोरा. होडी पाण्यावर ठेवावयाची तर तिला जागा हवी, राखण हवी, आणि जून ते सप्टेंबर ती बाहेर काढून ठेवावयास हवी. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर झापांखाली ओळीने झाकून ठेवलेल्या होड्या सर्वांनी पाहिल्या आहेत. चाकांवरच्या होडीला हे काहीच नको. ती पठारावर घराच्या पडवीशेजारी राहील. एका रविवारी शिवोलीला शापोऱ्यात, दुसऱ्या रविवारी केरीला, दिवाळीत तारकर्लीला. तिच्या तळाशी शिशाचे वा लोखंडाचे जड वजन नसते, म्हणून ती गुडघाभर पाण्यातही चालते. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात तेथे हा गुण फार मोलाचा. (मोरजीच्या वाळूत मात्र गाडी घालू नये, तेथे कासवे अंडी घालतात.)

आता लाकडाचा हिशेब. मधल्या होडीचा तळ व बाजू मिळून सरासरी घेर सात फूट धरला तर अठरा फुटांना १२६ चौरस फूट होतात. वरचे छत आणि आतील आडव्या भिंती धरून सुमारे २२०. सोळा फुटांची उलांडी प्रत्येकी ७०, दोहोंचे १४०. एकूण ३६०. आठ बाय चारच्या प्लायच्या तक्त्यात ३२ चौरस फूट असतात, म्हणजे सव्वाअकरा तक्ते. कापाकापीची तूट धरून तेरा. सहा मिलिमीटरचा तक्ता साधारण ११ किलो भरतो, तेव्हा होडीत जाणारे लाकूड सव्वाशे किलोच्या आसपास. प्लाय आय. एस. ७१० या मानकाचा, म्हणजे मरीन, घ्यावा. उदाहरणादाखल चौरस फुटाला ८० रुपये भाव मानला तर तेरा तक्त्यांचे ३३,२८० रुपये झाले. येथेच पुष्कळांचा उत्साह वाढतो, आणि येथेच हिशेब थांबवितात.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या दोन अंगांत माणूस बसत नाही, सामान राहत नाही, त्यांनी जवळजवळ चाळीस टक्के प्लाय खाल्ला. एपॉक्सी, काचतंतूचे कापड आणि घासकाम हे पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे तेही त्याच प्रमाणात वाढतात. तीन अंगांच्या होडीत जागा एका होडीची आणि रंगकाम तीन होड्यांचे!

मग उलांड्या इतक्या मोठ्या का? होडी माणसांसकट ५०० किलोची असेल, तर जोराच्या वाऱ्यात सगळा भार वाऱ्याआडच्या एकाच उलांडीवर येऊ शकतो. म्हणून एका उलांडीचे आकारमान ५०० लिटर तरी हवेच, आणि हल्ली त्याहून बरेच अधिक ठेवतात. तिचे मध्यापासूनचे अंतर दोन मीटर धरले तर होडीला सावरणारी ताकद जास्तीत जास्त हजार किलो-मीटर होते. एवढ्या ताकदीसाठी एकअंगी होडीला तळाशी पुष्कळ धातू टांगावा लागेल. येथे ते काम रुंदी करते. धातूचे पैसे वाचतात, परंतु रुंदी चार मीटरवर जाते, आणि आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरील वाहनाची रुंदी २.६ मीटरहून अधिक चालत नाही.

म्हणजे जी रुंदी पाण्यावर हवी तीच रस्त्यावर नको. सगळा पेच या ठिकाणी आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आयन फॅरियर यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तो सोडविला : उलांड्या बिजागरीच्या बाहूंवर खाली वळून मधल्या होडीच्या कुशीला येतात, काही मिनिटांत. या बाहूंचे धातुकाम अचूक लागते. ते सुताराचे नव्हे, लेथवरचे काम आहे. स्वस्त पर्याय म्हणजे बोल्टांनी किंवा दोराने बांधलेले वासे. त्याला मिनिटांऐवजी तास लागतो, आणि दर रविवारी जाताना एक तास, परतताना एक तास हाही खर्चच. मात्र सांध्यात काटकसर करू नये. १९६८-६९ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नायजेल टेटली यांची प्लायची ट्रायमरान जवळजवळ सारी पृथ्वी फिरून आली, आणि मे १९६९ मध्ये बाजूच्या अंगाचे नाळेकडचे टोक सुटून मधल्या अंगाला भोक पडल्याने ती बुडाली.

आता जो खर्च कोणी लिहीत नाही तो : तास. आठशे तास मानू. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर ८०,००० रुपये, म्हणजे प्लायच्या दुपटीहून अधिक. "पण मजुरी तर आपलीच!" असे उत्तर येईल. ठीक, पैशात नको, रविवारांत मोजू. दर रविवारी आठ तास म्हणजे शंभर रविवार. परंतु एपॉक्सीला दमट हवा मानवत नाही. पावसाळ्यात तिच्यावर चिकट थर धरतो. वर्षाचे पस्तीस कोरडे रविवार मिळाले तर शंभरांना तीन मोसम लागतात. आणि ते नेमके होडी हाकण्याचेच रविवार आहेत. संधी-परिव्यय म्हणतात तो हाच.

स्वतः बांधणाऱ्याच्या बाजूने एक कलम मात्र भक्कम आहे. सहलीच्या वा क्रीडेच्या नौकेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे, आणि तो बांधणाऱ्याच्या मजुरीवर व नफ्यावरही चढतो. घरी बांधल्यास प्लाय आणि एपॉक्सीवरचे १८ टक्के तेवढे पडतात. आपल्या घामावर कर नाही. जमेला धरावयाची दुसरी गोष्ट म्हणजे गोव्यात हे कसब परके नाही. 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका दिवाडी बेटावर लाकूड, एपॉक्सी आणि काचतंतू यांचीच बांधली गेली आणि तिने २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांना व २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांना एकट्याने पृथ्वीभोवती नेऊन आणले. लहान होडीचे प्लाय तांब्याच्या तारेने शिवून मग चिकटविण्याची जी रीत आहे, तीही काथ्याने फळ्या शिवणाऱ्यांच्या मुलखात कोणाला नवल वाटू नये. याच गोव्यात शिवलेले 'कौंडिण्य' जहाज मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले.

खर्चाच्या यादीत शीड, डोलकाठी, दोर आणि ट्रेलर राहिले. ट्रेलर कायद्याने मोटार वाहनच असल्याने त्याची नोंदणी आली. या वस्तू विकतच घ्याव्या लागतात व होडी कितीही लहान केली तरी त्या फारशा स्वस्त होत नाहीत. आणि एक दोष पैशाने भरून निघत नाही : ट्रायमरान सहसा उलटत नाही, पण उलटली तर तशीच राहते.

माझ्या मते ज्याला मुख्यतः पाण्यावर जावयाचे आहे त्याने एका उलांडीची जुनी होडी घ्यावी. तिचे वासे दोरानेच बांधलेले असतात. ज्याला बांधण्याचाच छंद आहे त्याने आधी एकच उलांडी करून पाहावी. अडीच-तीन तक्ते लागतील. ती पुरी होईतो किती तास गेले ते वहीत रोज मांडावे, म्हणजे उरलेल्या कामाचा अंदाज दुसऱ्या कोणाला विचारावा लागणार नाही. आणि काम तेथेच सोडावेसे वाटले, तर ती एखाद्या होडीला बांधता येते.