क्लोन सांगितलं होतं, फॉरमॅट मिळालं

हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवणं वेगळं आणि त्यावर विंडोज नव्याने टाकणं वेगळं. दुरुस्तीवाल्यांना हा फरक कळत नाही असं नाही. चांगला कळतो. पण आहे तसं सगळं नव्या डिस्कवर न्यायचं, म्हणजे क्लोन करायचं, तर वेळ जातो, लक्ष ठेवावं लागतं. आणि पेनड्राइव्ह लावून कोरी विंडोज टाकली की अर्ध्या तासात गिऱ्हाईक वाटेला लावता येतं. माझ्या बाबतीत ऐन लग्नसराईत नेमकं हेच झालं. वर ऐकायला मिळालं, ‘‘बॅकअप ठेवायचा की मालक, डेटा तुमची जबाबदारी.’’

सोलापुरात पूर्व भागात माझं डीटीपीचं काम आहे. इथली लग्नपत्रिका एका भाषेत भागत नाही. मराठी असतेच, पण पद्मशाली घरातली असेल तर तेलुगू, अक्कलकोटकडची असेल तर कन्नड. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीच्या फॉन्टवर सगळा संसार. मशीन जुनं, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, बाहेर पाणी मारायचं, तरी डेस्कटॉप आलेला नसायचा.

दोष प्रोसेसरचा नव्हता. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर वाचणारं डोकं इकडून तिकडे सरकत राहतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली लागतात, त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात, आणि अशी विखुरलेली वाचनं हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरच्या आसपासच जमतात. एसएसडीत हलणारा भागच नाही. तिथे हाच आकडा हजारोंत जातो. म्हणून जुन्या मशीनला एवढा एक खर्च केला तर ते अजून काही वर्षं चालतं. हा सल्ला मी आजही देतो. एसएसडीबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बसवणाऱ्या माणसाबद्दल. दुकानाचं नाव घेत नाही. मशीन देताना तोंडी सांगितलं, आणि व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं : सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह जसेच्या तसे नव्या डिस्कवर घ्यायचे, एकही प्रोग्रॅम नव्याने टाकायचा नाही. त्यावर त्याचा अंगठा आला. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

मशीन परत आलं तेव्हा कौतुकाने म्हणाला, ‘‘आता विमान झालंय बघा.’’ झालंच होतं. बटण दाबलं की डेस्कटॉप हजर. पण त्या डेस्कटॉपवर रिसायकल बिन आणि क्रोम, बाकी काही नाही. समोर मुलीचे वडील प्रूफ बघायला बसलेले. मला वाटलं शॉर्टकट गेले असतील. डी ड्राइव्हमधून त्यांची जुनी फाइल उघडली, तर फॉन्ट सापडत नाहीत म्हणून कोरलने भलताच फॉन्ट लावलेला. श्रीलिपीचा जुना मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट गेला की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम उरतात. गणपतीच्या चित्राखाली कुलदैवताच्या नावाऐवजी तो कचरा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलीचे वडील विचारत होते, ‘‘हे तेलुगू आहे का?’’

फोन लावला. तेव्हा सगळं एकेक करून बाहेर आलं. क्लोन केलंच नव्हतं. एसएसडीवर कोरी विंडोज टाकली, तीही ११, कारण ‘‘दहा आता बंद झाली.’’ जुनी हार्ड डिस्क दुसरी डिस्क म्हणून आतच लावली आणि ‘‘जागा मोकळी व्हावी म्हणून’’ तिचा सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. एवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. त्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःचं ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरचं भलंमोठं फोल्डर टाकून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या फाइली जिथे होत्या, तिथेच त्याच्या फाइली जाऊन बसल्या.

‘‘सी ड्राइव्हमध्ये कोण काम ठेवतं?’’ हा त्याचा प्रश्न. सगळेच ठेवतात. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, बसवलेले फॉन्ट, कोरलमधली आपली रचना, ब्राउझरचे पासवर्ड, आउटलुक वापरणाऱ्यांची मेल, सगळं सी मध्ये. ‘डी ला हात लावला नाही’ असं कुणी म्हणालं तर निश्चिंत होऊ नका, सी चं काय केलं ते विचारा. चालू हंगामाच्या पत्रिकांचं माझं फोल्डर डेस्कटॉपवर होतं, कारण दिवसभर हात तिथेच जातो.

अशा वेळी पहिली गोष्ट करायची ती ही : मशीन बंद करा आणि ती डिस्क बाहेर काढा. नुसत्या क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, फक्त यादी जाते. वर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र तेवढं कायमचं गेलं. मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा एक मित्र धावून आला. त्याने फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढलं. फाइली आल्या, पण नावाशिवाय. एफ आणि पुढे आकडे, अशा नावांच्या शेकडो फाइली. प्रत्येक उघडून बघायची, वधूवरांची नावं वाचायची, मग पुन्हा नाव द्यायचं. काही अर्ध्याच उघडतात. काही अजून कुणाच्या ते कळलेलं नाही. श्रीलिपीचं डोंगल आणि सीडी घरात जपून ठेवली होती म्हणून फॉन्ट तरी परत बसले.

त्याच मित्राने नंतर माझं हिशेबाचं दुसरं मशीन माझ्यासमोर एसएसडीवर नेलं, तेव्हा बघितलं की काम किती सरळ आहे. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघितली. तिथे निळं ‘गुड’ असेल तर पुढे जायचं. पिवळं दिसलं तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढायच्या, कारण मरणाऱ्या डिस्कला क्लोनचं ओझं सोसत नाही. जुनी डिस्क ५०० ची आणि एसएसडी ४८० ची असेल तर काही प्रोग्रॅम अडून बसतात; त्यासाठी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून शेवटचा ड्राइव्ह आधी आक्रसून घ्यायचा. मग यूएसबीची साटा केबल लावून क्लोन. सॅमसंग, क्रुशियल, डब्ल्यूडी यांच्या एसएसडीसाठी त्यांच्याकडूनच क्लोनचं सॉफ्टवेअर मिळतं. रेस्क्यूझिला फुकट आहे. मॅक्रियमची फुकट आवृत्ती २०२४ पासून बंद आहे, जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका. यूपीएस नसेल तर हात घालू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची. हे फार महत्त्वाचं आहे. दोन्ही डिस्कची ओळख एकच असते, दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज गोंधळते, आणि आपण कुठल्या डिस्कवरून चालतोय तेही कळत नाही. बायोसमध्ये सुरू होण्याची जुनी पद्धत, लीगसी, असेल तर ती तशीच ठेवायची, उगाच नवी यूईएफआय करायला जायचं नाही. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, बहुधा चालू असतं, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. टॅलीवाल्यांनी लायसन्सचा सिरीयल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाताशी ठेवावा. डिस्क बदलली की टॅली ते पुन्हा मागू शकतं.

विंडोज ११ चं म्हणाल तर ती आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरना मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे देतच नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तीही माझ्या बोर्डावर नाही. म्हणजे त्याने तपासणी चुकवून ती घुसवली आणि वर लायसन्स चुकवणारा ॲक्टिव्हेटर मारला, ज्यासाठी अँटिव्हायरसही बंद करून ठेवला. माझ्या मशीनवर दहाचं अस्सल डिजिटल लायसन्स होतं, बोर्डाशी जोडलेलं. तीच आवृत्ती टाकली असती तर इंटरनेट लागताच ते आपोआप लागू झालं असतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवली. घाबरवून नवी विंडोज गळ्यात मारणाऱ्यांना हे विचारा.

बॅकअपबद्दल सगळेच सांगतात, मीही सांगतो : घ्या. एसएसडीवर तर जास्तच, कारण तिथे ट्रिम नावाची सोय खोडलेली जागा स्वतःहून साफ करते आणि गेलेली फाइल सहसा परत येत नाही. पण गिऱ्हाइकाने बॅकअप घेतला नाही म्हणून दुरुस्तीवाल्याला न विचारता डिस्क पुसायचा हक्क मिळत नाही. जॉबकार्डावर ‘क्लोन’ आणि ‘जुनी डिस्क न पुसता परत’ हे दोन शब्दप्रयोग त्याच्या हाताने लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर मशीन उचला आणि दुसरं दुकान बघा.

तो मला म्हणाला, तुमचं दुकान आहे, ग्राहक मंचात तुमचं चालणार नाही. हे अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा वगळल्या आहेत, पण स्वयंरोजगाराने पोट भरायला घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. मी एकटा बसून अक्षरं जुळवतो, माझ्याकडे नोकर नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आधी १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ती मी नोंदवली आहे, त्या अंगठ्याच्या मेसेजसकट.

विंडोज टाकायचे पैसे तो अजून मागतो. ते मी दिलेले नाहीत. एसएसडीचे मात्र पूर्ण दिले आणि सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल घेतलं, कारण वॉरंटी त्या नंबरावर असते, दुकानदाराच्या शब्दावर नाही.