ऐकण्याचे पहिले वर्ष : अर्भकांतील श्रवणदोष आणि भाषेचा पाया

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि हळूच त्याचे नाव सांगते. चारचौघांनी ऐकण्यापूर्वी ज्याचे नाव त्याने ते ऐकावे, ही त्यामागील कल्पना मोठी सुंदर आहे. परंतु जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी साधारणपणे एक ते तीन बालकांना कायमस्वरूपी श्रवणदोष असतो. त्यांच्यापर्यंत ते नाव पोहोचत नाही, किंवा अर्धेमुर्धे पोहोचते. पाळण्याभोवती जमलेल्या कोणालाही हे जाणवत नाही, कारण बाळ हसते, रडते, दूध पिते, अंगाने भरते. मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा प्रथम शंका येते. तोपर्यंत भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

श्रवणदोषामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान तो उशिरा कळल्यामुळे होते आणि हे दुसरे नुकसान टाळणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. आमच्या हितचिंतकांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना हीच एक गोष्ट समजावून सांगावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

भाषा कानातून येते

गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे कान काम करू लागलेले असतात. आईचा आवाज त्याला गर्भातच परिचित होतो. १९८० मध्ये डीकॅस्पर व फायफर या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाने चोखणीवर ओठांची हालचाल कशी केली, यावर त्याला कोणाचा आवाज ऐकू येईल हे अवलंबून ठेवले होते. अवघ्या तीन दिवसांच्या आतील अर्भकांनी परक्या स्त्रीऐवजी आपल्या आईचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने चोखण्याची लय बदलली.

याहून विलक्षण बाब १९८४ मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी दाखवून दिली. आपल्या भाषांत 'त' आणि 'ट' हे दोन वेगळे वर्ण आहेत. दिव्याची 'वात' निराळी आणि चालायची 'वाट' निराळी. इंग्रजीत असा भेद नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील हा फरक ओळखता आला. तीच क्षमता दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत जवळजवळ मावळलेली आढळली. याचा अर्थ असा की, पहिल्या वर्षभरात मेंदू सभोवतालची भाषा ऐकून आपली घडण ठरवीत असतो. जे ध्वनी कानी पडतात त्यांच्यासाठी तो जागा राखतो आणि जे पडत नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. बाळ पहिला शब्द उच्चारते ते वर्षाच्या सुमारास, पण त्या शब्दाची पेरणी त्याआधी कित्येक महिने झालेली असते.

ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याच्या बाबतीत ही पेरणी होत नाही. त्याचा घसा, जीभ, ओठ सर्व निरोगी असतात. म्हणूनच 'मूकबधिर' हा जुना शब्द दिशाभूल करणारा आहे. बहुतेक कर्णबधिर मुले बोलत नाहीत, कारण त्यांनी बोलणे ऐकलेले नसते.

घरच्यांच्या लक्षात का येत नाही?

पहिले कारण असे की, कर्णबधिर बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते. आई 'माझ्याशी बोलतो हो!' म्हणून सुखावते. फरक पडतो तो सहा महिन्यांनंतर. ऐकणारी बाळे साधारणपणे सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट अक्षरांची माळ लावू लागतात. कर्णबधिर बाळात ही बडबड फार उशिरा येते किंवा येतच नाही.

दुसरे कारण म्हणजे घरगुती परीक्षा. ताट वाजवून, टाळी देऊन किंवा दार आपटून बाळ दचकते का, हे पाहिले जाते. परंतु बाळाला जमिनीचा कंप जाणवतो, टाळीचा वारा लागतो, भिंतीवर सावली हललेली दिसते. शिवाय श्रवणदोष नेहमीच संपूर्ण नसतो. मध्यम स्वरूपाचा दोष असलेल्या बाळाला ताटाचा आवाज येतो, हाक मारली की ते वळतेही, पण 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक ध्वनी त्याच्या कानातून निसटतात. मराठीत 'घरात', 'घराशी', 'घरास' यांतील भेद शेवटच्या हलक्या उच्चारात असतो. तोच ऐकू न आल्यास मुलाला शब्द मिळतात, पण त्यांना जोडणारे दुवे मिळत नाहीत.

तिसरे कारण मायेचे आहे. 'त्याचे बाबाही उशिराच बोलले', 'मुलगे जरा मागेच बोलतात', 'जावळ होऊ दे, मग पाहू' अशा शब्दांनी वडीलधारी मंडळी धीर देतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्या धीरापायी वर्ष-दीड वर्ष निघून जाते. तपासणी करून दोष नाही असे कळले तर कोणाचेच काही बिघडत नाही. न तपासता थांबल्यास मात्र पुष्कळ बिघडू शकते.

कारणे व प्रतिबंध

जन्मजात श्रवणदोषांपैकी सुमारे निम्मे किंवा त्याहून अधिक आनुवंशिक असतात. आईवडील दोघेही उत्तम ऐकणारे असले, तरी दोघांकडून आलेले सदोष जनुक बाळात एकत्र येऊ शकते. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. गरोदरपणी आईला झालेला जर्मन गोवर अथवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मतःच श्वास कोंडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर आणि कानावर विपरीत परिणाम करणारी काही औषधे ही इतर प्रमुख कारणे होत. यात आईचा दोष नसतो व ग्रहणाचाही नसतो, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, बालवयातील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी उद्भवतात. गोवर-रुबेला लस वेळेवर देणे, प्रसूती रुग्णालयात करणे, नवजात बाळाच्या काविळीकडे तातडीने लक्ष देणे आणि कान वाहू लागल्यास घरगुती उपाय न करणे, या साध्या गोष्टींनी अनेक कान वाचतात. न्हाऊ घालताना बाळाच्या कानात तेल सोडण्याची प्रथाही बंद करावी. त्याने कानाचे काही भले होत नाही, उलट संसर्गाचा धोका असतो.

तपासणी कशी होते?

१९७८ मध्ये इंग्लंडमधील डेव्हिड केंप यांनी असे दाखवून दिले की, निरोगी आंतरकर्ण केवळ आवाज ग्रहण करीत नाही, तर त्याला प्रतिसाद म्हणून स्वतःही अतिशय सूक्ष्म ध्वनी निर्माण करतो. या शोधावर 'ओ.ए.ई.' ही तपासणी आधारलेली आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोक ठेवले जाते, हलका आवाज सोडला जातो आणि कानातून परत येणारा ध्वनी यंत्र टिपते. सुई नाही, वेदना नाही. काही मिनिटांत काम होते. दुसरी तपासणी 'बेरा' नावाने ओळखली जाते. तीत आवाजाचा संदेश श्रवणनाडीवाटे मेंदूच्या तळापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहिले जाते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांत कान ठीक, पण नाडीत दोष, असे असू शकते. म्हणून त्यांच्यासाठी ही दुसरी तपासणी आवश्यक ठरते.

पहिल्या तपासणीत बाळ 'उत्तीर्ण' झाले नाही, तर पालकांनी घाबरू नये. जन्मानंतर एक-दोन दिवस कानात द्रव किंवा चिकट थर राहिल्यानेही असे होते आणि फेरतपासणीत यांतील बहुतेक बाळे निर्दोष ठरतात. मात्र फेरतपासणी चुकवू नये. तसेच बाळ उत्तीर्ण झाले तरी पुढे बोलण्यात मागे पडत असल्यास पुन्हा तपासावे, कारण काही दोष जन्मानंतरही उद्भवतात.

पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापूर्वी उपचारास प्रारंभ, असा 'एक-तीन-सहा' नियम जगभर मान्यता पावला आहे. त्यामागे पुरावा आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० श्रवणदोष असलेल्या मुलांचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगली होती. दोष सौम्य असो वा तीव्र, घर संपन्न असो वा गरीब, हा फरक कायम राहिला.

निदानानंतर

श्रवणयंत्र अगदी काही आठवड्यांच्या बाळालाही बसविता येते. तीव्र दोषात यंत्राचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर साधारण वर्षाच्या सुमारास कोक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेचा विचार होतो. परंतु यंत्र केवळ आवाज देते, भाषा देत नाही. आवाजाला अर्थ येतो तो माणसांच्या सहवासातून आणि नियमित वाचा-भाषा उपचारांतून.

या कामात खरी शिक्षिका घरातील माणसेच असतात. बाळ जागे असताना यंत्र कानावर असावे. जवळ बसून, चेहरा बाळासमोर व उजेडात ठेवून, नेहमीच्या आवाजात बोलावे. न्हाऊ घालताना, भात कालवताना, कपडे घडी करताना जे चालले आहे ते सांगत राहावे. एक वाक्य बोलून थांबावे आणि बाळाच्या हुंकाराची, नजरेची वाट पाहावी. तेच त्याचे उत्तर असते. या वेळी दूरदर्शन संच बंद ठेवावा. अंगाई व बडबडगीते न संकोचता म्हणावीत.

काही मुलांना यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही, तर काही कुटुंबे खुणांच्या भाषेचा मार्ग निवडतात. खुणांची भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे. जन्मापासून ती पाहणारी कर्णबधिर बाळे हातांनी 'बडबड' करतात, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे राष्ट्रीय पातळीवरील केंद्रही स्थापन झाले. भाषा कानातून यावी की डोळ्यांतून, याचा निर्णय पालकांनी तज्ज्ञांशी बोलून घ्यावा. कोणत्याही भाषेविना बाळाचे वर्ष जाऊ नये, एवढे मात्र निश्चित.

समाजाचा वाटा

शासकीय पातळीवर बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला व त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश करण्यात आला. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात उपचार, प्रशिक्षण व संशोधन करते.

धर्मादाय संस्थांनी केरळमधील एर्नाकुलमचे उदाहरण आवर्जून पाहावे. तेथे २००३ पासून एक तपासणी यंत्र व प्रशिक्षित कर्मचारी ठरलेल्या दिवशी निरनिराळ्या प्रसूतिगृहांत फिरू लागले. प्रत्येक रुग्णालयाने स्वतंत्र यंत्र घेण्याची गरज उरली नाही आणि दशकभरात एक लाखाहून अधिक बाळांची तपासणी झाली.

यंत्र खरेदी करणे हा मदतीचा ठळक दिसणारा भाग आहे. त्यामागील न दिसणारा भागही तितकाच मोलाचा आहे. बाळाचा कान वाढतो तसा यंत्राचा साचा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. बॅटऱ्या संपतात. इम्प्लांटची बाहेरील वायर तुटते. फेरतपासणीसाठी आईला एक दिवसाची मजुरी सोडून, एस.टी.चे भाडे भरून यावे लागते. तपासणी झालेली बाळे हरवतात ती बहुधा येथेच. पुढची तारीख आठवण करून देणारा एक दूरध्वनी, प्रवासखर्चाची छोटी तरतूद, बॅटऱ्यांचा वर्षभराचा पुरवठा, अशा लहान रकमांनी मोठ्या यंत्रावर झालेला खर्च सार्थकी लागतो. दात्यांनी या बाबींचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

ज्या कुटुंबांत नुकतेच बाळ आले आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे की, बाळाच्या लसीकरणाच्या तारखा जशा जपून ठेवता, तशीच कानांच्या तपासणीची तारीखही जपावी. पहिल्या महिन्यात तपासणी झाली नसेल, तर ती ज्या दिवशी आठवेल त्याच दिवशी विचारावी. उशीर झाला म्हणून आणखी थांबणे हाच खरा उशीर होय.