जुना कॉम्प्युटर आणि घरचे फोटो

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. पुस्तकात त्याला संगणक म्हणतात. गावात सारे कॉम्प्युटरच म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणू. २०१२ साली पुतणीच्या एम.एस.सी.आय.टी.च्या अभ्यासासाठी तो घेतला. पुतणी शिकली, नोकरीला लागली. कॉम्प्युटर मात्र माजघराशेजारच्या खोलीत राहिला. मग मोबाइल भरला की त्यातले फोटो कॉम्प्युटरवर टाकायचे, असे सुरू झाले. लग्ने, बारशी, बेंदराचे बैल, आबांचे सहस्रचंद्रदर्शन, सारे त्यात साठले.

पुढे तो फार हळू झाला. बटण दाबावे, चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असे. थोरले बंधू म्हणाले, "भंगारात घाला आणि नवा आणा." आम्ही म्हटले, दुरुस्त करून पाहू. दोघांचे बोलणे आबा कट्ट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "नवा आणा न्हाईतर जुना ठेवा. पण त्या डब्यात तुमच्या आईचा आवाज हाय. त्याला हात लावण्याआधी तो भाईर काढा."

आबांचे म्हणणे खरे होते. २०१४ साली आईने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या होत्या. पुतणीने त्याचा व्हिडिओ घेतला होता. आई आता नाही. तिचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

आधी एकदा फसलो होतो

आबा एवढे का सावध झाले, त्याला कारण आहे. २०१५ साली हाच कॉम्प्युटर बंद पडला. आम्ही तो तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. सी मारतो, डी तसाच ठेवतो." आम्ही मान डोलावली. सी काय आणि डी काय, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. कॉम्प्युटरच्या आतल्या साठ्याचे बहुधा दोन-तीन भाग पाडलेले असतात. त्यांना सी, डी, ई अशी नावे असतात. कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था, म्हणजे विंडोज, सी या भागात असते. ती बिघडली की दुकानदार सी पुसतो आणि विंडोज नव्याने घालतो. डी मधल्या वस्तू राहतात. येथवर सारे ठीक.

पण आम्ही फोटो ठेवले होते डेस्कटॉपवर. कॉम्प्युटर लावल्यावर समोर जो पडदा दिसतो, तो डेस्कटॉप. समोर दिसते म्हणून पुष्कळ लोक तेथेच ठेवतात. हा डेस्कटॉप सी मध्येच मोडतो! सी पुसला, की त्यावरचे सारे गेले. पुतण्याच्या बारशाचे सगळे फोटो असे गेले. दुकानदाराने सांगितले तसेच केले होते. त्याने विचारले नाही आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही. आईचा व्हिडिओ नशिबाने डी मध्ये होता, म्हणून वाचला.

म्हणून दुकानात "फॉरमॅट" हा शब्द निघाला, की आपण आधी "थांबा" म्हणावे. फोटो बाहेर काढल्याची खात्री करावी. मगच हो म्हणावे.

आणखी एक. चुकून फोटो पुसला गेला, तर तो लगेच नाहीसा होत नाही. वहीतली अनुक्रमणिका फाडली, तरी पाने राहतात, तसे असते. पण पुढे नवे काही साठवले की ते त्या जुन्या पानांवर लिहिले जाते. म्हणून चूक कळताच कॉम्प्युटर बंद करावा आणि जाणकाराला दाखवावा. एस.एस.डी. नावाचा साठा असेल, त्याची माहिती पुढे येईल, तर तो मोकळी जागा स्वतःच लवकर साफ करतो. तेथे आशा कमी.

फोटो बाहेर काढले

२०२४ च्या दिवाळीत पुतणी घरी आली. तिने बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणली. ती वायरने कॉम्प्युटरला लावतात. पुतणीने सगळे फोटो त्यावर उतरवायला घेतले.

फोटो नेताना "कॉपी" करावेत, "कट" करू नयेत. कॉपी केले तर मूळ जागेवर राहते आणि दुसरीकडे नक्कल होते. कट केले तर मुळातून उचलले जाते. मध्येच वीज गेली, तर काय इकडे राहिले आणि काय तिकडे गेले, याचा मेळ लागत नाही. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, हे सांगायला नको.

कॉपी झाली. आम्ही म्हटले, झाले काम. पुतणी म्हणाली, "काका, मोजल्याशिवाय कसं झालं?" धान्याची पोती गाडीत चढवताना मोजतो आणि उतरवतानाही मोजतो. तसेच हे आहे. फोटोंच्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबले, की "प्रॉपर्टीज" असा शब्द येतो. त्यात किती फाइली आहेत ते दिसते. जुन्या ठिकाणी ९,६४० होत्या. नव्या ठिकाणी ९,६१८ भरल्या. म्हणजे २२ कमी!

त्या २२ फाइली वाचताना कॉम्प्युटर अडत होता. आतून टक् टक् असा आवाज येत होता. हा आवाज वाईट. तो का येतो, ते समजून घेऊ.

जुन्या कॉम्प्युटरात जी हार्ड डिस्क असते, तिच्यात गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकते आणि लिहिलेले वाचते. दांडीचे टोक चकतीला टेकत नाही, पण दोघांतले अंतर केसाच्या जाडीहून किती तरी कमी असते. धक्का लागला, वीज एकदम गेली, किंवा यंत्र झिजले, की टोक चकतीवर घासते, नाही तर चुकते. अशी पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आय.बी.एम. या कंपनीने काढली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० चकत्या होत्या आणि त्या साऱ्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलचा एखादाच फोटो त्यात बसला असता. कपाटाएवढे ते यंत्र आज तळहातावर मावते, पण फिरते ते फिरतेच. आणि फिरणारी वस्तू झिजायचीच. बैलगाडीचा आस काय, की ही डिस्क काय.

पुतणीने कॉम्प्युटर थंड होऊ दिला आणि पुन्हा प्रयत्न केला. १९ फाइली आल्या. तीन आल्या नाहीत. त्यांत कोणते फोटो होते, ते आम्हाला आजही आठवत नाही. आईचा व्हिडिओ मात्र आला. नुसता आला एवढ्यावर आबा थांबले नाहीत. "लावून दावा," म्हणाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. जात्याची घरघर आली, आईचा आवाज आला. आबा काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले.

एक नक्कल पुरत नाही

आता दोन ठिकाणी फोटो झाले. तरी पुतणी म्हणाली, आणखी एक हवी, आणि ती या घरात नको.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आमचे घर जरा उंचावर, पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. शेजारच्या वहिनींच्या घरात पुरुषभर पाणी चढले. त्यांनी फोटोंची नक्कल करून ठेवली होती. पण कॉम्प्युटर टेबलावर आणि नक्कल त्याच खोलीतल्या कपाटात. दोन्ही एकाच रात्री बुडाले. भिंतीवरचे जुने कागदी फोटोही गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा वहिनींजवळ वाचवायला फोटोच उरले नव्हते.

जमिनीच्या खरेदीखताचे पाहा. मूळ कागद आपल्या ट्रंकेत असतो आणि नक्कल नोंदणीच्या कचेरीत राहते. घर जळाले तरी कचेरीतून नक्कल काढता येते. फोटोंचेही असेच करायचे. जाणकार लोक तीन प्रती ठेवायला सांगतात. एक वापरातली, दुसरी वेगळ्या वस्तूवर आणि तिसरी वेगळ्या गावी, निदान वेगळ्या घरी.

नक्कल ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरला नेहमी लावून ठेवू नये. काम झाले की काढावी. २०१७ च्या मे महिन्यात "वॉनाक्राय" नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने जगभरचे कॉम्प्युटर धरले. तो आतल्या फाइलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. अशा वेळी जोडलेल्या डिस्कलाही कुलूप बसते. कपाटातल्या डिस्कला बसत नाही.

काही जण म्हणतील, आमचे फोटो मोबाइलवरून आपोआप इंटरनेटवर जातात, मग काळजी कशाला? ती सोय चांगली आहे, घ्यावीच. पण गूगलवर फुकट जागा १५ जी.बी. मिळते आणि टपाल, फोटो, बाकीचे कागद या सगळ्यांना मिळून तेवढीच. ती भरली की नवे फोटो जायचे थांबतात आणि पुष्कळांना ते कळतही नाही. शिवाय त्या फोटोंच्या ॲपमधून एक फोटो पुसला, की तो मोबाइलवरून आणि तिकडूनही जातो. तो आरसा आहे, पेटी नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो साधारणपणे बारीक होऊन जातो. मोठा छापायला घेतला तर धूसर येतो. म्हणून मूळ फोटो जपावा.

पेन ड्राइव्हवर आमचा फारसा विश्वास नाही. नेण्या-आणण्याला तो ठीक. बाजारात अगदी स्वस्तात प्रचंड जागेचे म्हणून जे मिळतात, त्यांत खोटेही असतात. वर आकडा मोठा, आत जागा थोडी. भरले की नवे लिहिताना जुने नासते. पावती देईल त्याच्याकडूनच घ्यावे.

मग कॉम्प्युटर सुधारला

फोटो सुखरूप झाल्यावर मग यंत्राला हात लावला. आधी वायर भिंतीतून काढली. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी डब्याच्या लोखंडी पत्र्याला हात टेकवला. अंगात साठलेली बारीक वीज त्याने निघून जाते, नाही तर नाजूक भाग बिघडतात. आतून मूठभर धूळ निघाली. पंखा तर जाळ्यासारखा झाला होता. ती मऊ ब्रशाने झाडली.

तारीख सारखी मागे जायची. त्याचा सेल संपला होता. रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, तो बदलला.

खरा फरक दोन वस्तूंनी पडला. एक रॅम. कोठीत धान्य पुष्कळ आहे, पण चुलीपुढे जागा दोन हातांची, अशा घरात वीस माणसांचा स्वयंपाक कसा होईल? बाई सारखी उठून कोठीत जाईल. कॉम्प्युटरची कोठी म्हणजे डिस्क आणि चुलीपुढची जागा म्हणजे रॅम. आमच्यात ती २ जी.बी. होती, ती ८ केली. रॅमच्या जाती असतात. आमच्या जुन्या यंत्राला डी.डी.आर.३ जातीची लागते. नवी डी.डी.आर.४ त्यात बसतच नाही, खाच वेगळी असते. म्हणून जुनी पट्टी सोबत नेऊन दाखवावी.

दुसरी वस्तू एस.एस.डी. हीही डिस्कच, पण आत काही फिरत नाही. सारे विजेच्या चिपांत साठते. जुन्या डिस्कच्याच वायरी हिला लागतात. ही बसवली आणि चहा होण्याआधी, एका मिनिटाच्या आत, कॉम्प्युटर सुरू झाला. थोरल्या बंधूंना खरे वाटेना. त्यांनी दोनदा बंद करून पाहिला. एस.एस.डी.चाही एक दोष आहे. विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात पडली, तर आतले उडू शकते. कपाटात ठेवायला फिरणारी डिस्कच बरी, आणि तीही वर्षातून एकदा लावून पाहावी.

राहता राहिले विंडोज. आमच्याकडे विंडोज ७ होते. त्याची कंपनीकडून होणारी डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० चीही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, मुदतवाढ घेतली असेल तेवढ्यांनाच पुढे मिळते. डागडुजी थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. पण कुडाला भोक पडले तर बुजवणारा कोणी नाही. त्यावर बँकेचे काम करू नये. विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्राला चालत नाही. म्हणून पुतणीने लिनक्स मिंट घातले. ते फुकट मिळते, त्यात मराठी लिहिता येते. बटणांच्या जागा बदलल्या म्हणून आम्ही आठवडाभर कुरकुर केली. मग सवय झाली.

जुनी डिस्क भंगारवाल्याला दिली नाही. पुसलेले फोटोही परके लोक त्यातून काढू शकतात. ती माळ्यावर आहे.

तिसरी प्रत बहिणीकडे मिरजेला ठेवली. तिचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दर भाऊबीजेला आम्ही नवी भरलेली डिस्क घेऊन जातो आणि गेल्या वर्षीची परत आणतो. २०२५ च्या भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, आधी आईचं लावा." जेवणे जरा उशिरा झाली.